ओल्या कचऱ्याचं जपानी

तुमच्या सीव्हीवर अशी एखादी ओळ आहे का, की जिच्याबद्दल इंटरव्ह्यूत कुणी काही विचारू नये म्हणून तुम्ही मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलता? माझ्या सीव्हीवर होती. 'जॅपनीज - एन थ्री पास.'

आता पास म्हणजे अगदी रीतसर पास बरं का! 180 पैकी 121. पासिंगला 95 लागतात. निकालाच्या दिवशी आईने पेढे वाटले आणि अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं, 'आमची आता जपानी बोलते हं!'

बोलते? घोळ नेमका इथेच होता.

जपानी भाषेची जी परीक्षा आपण सगळे देतो, त्या जेएलपीटीत बोलण्याचा पेपरच नसतो. लिहिण्याचाही नसतो. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं, बस्स! चार पर्याय, एक गोल, पेन्सिलीने काळा करा. म्हणजे तोंडातून एक अक्षरही न काढता माणूस सगळ्यात वरच्या एन वनपर्यंत पोचू शकतो. त्यात मराठी माणसाला सुरुवातीला ही भाषा जाम सोपी जाते. आपल्यासारखंच क्रियापद शेवटी, आपल्यासारखेच प्रत्यय शब्दाच्या मागे. आपण 'मी ऑफिसला जाते' म्हणतो, तेही त्याच क्रमाने म्हणतात. त्यामुळे पहिली दोन वर्षं आपण सॉलिड हुशार आहोत असं वाटत राहतं.

मग हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात एका जपानी क्लायंटचं काम आलं आणि मॅनेजरने सीव्हीवरची ती ओळ वाचली.

'थोडं कठीण आहे'

पहिलाच मोठा कॉल. आम्हाला रिलीजची तारीख दोन आठवडे पुढे ढकलून हवी होती. मी घोकून ठेवलेली वाक्यं म्हटली. पलीकडच्या वयस्कर गृहस्थांनी दातांतून 'स्स्स' असा श्वास आत ओढला, जरा थांबले आणि म्हणाले, 'चोत्तो मुझुकाशी देसु ने...'

अरे, हे तर मला येतं! मुझुकाशी म्हणजे कठीण. पहिल्याच वर्षीचा शब्द, महाग-स्वस्त आणि सोपं-कठीणच्या धड्यातला. मी झोकात भाषांतर केलं, 'सर, ते म्हणतायत थोडं कठीण आहे.'

'कठीण आहे ना? मग आपण सोपं करू!' आमच्या मॅनेजरचा उत्साह काय विचारता! त्या रात्री अकरापर्यंत तिघं जण बसून नवा प्लॅन करत होते. जास्तीची माणसं, नवं वेळापत्रक, रंगीत तक्ता. दुसऱ्या दिवशी तो पाठवला आणि तिकडून अतिशय सभ्य भाषेत मेल आली. तिचा अर्थ एवढाच होता, की आम्ही काल नाही म्हटलं होतं, तरी तुम्ही पुन्हा का विचारताय?

कारण मीटिंगमध्ये 'चोत्तो मुझुकाशी' म्हणजे थोडं कठीण नव्हे. त्याचा अर्थ 'नाही'. तोंडावर 'नाही' म्हणणं वाईट दिसतं, म्हणून 'कठीण आहे' म्हणायचं आणि वाक्य अर्धवट सोडून द्यायचं. आपणही लग्नाच्या स्थळाला 'पत्रिका जुळत नाही' असं कळवतो, तेव्हा पत्रिका दुरुस्त करून पाठवा असं म्हणत नसतो ना! तसंच.

मला कुणी ओरडलं नाही. पुढच्या कॉलपासून बाहेरून एक इंटरप्रिटर येऊ लागली आणि माझ्याकडे डॉक्युमेंट्स भाषांतराला यायला लागली. एवढंच. पण कॉलच्या वेळी त्या काचेच्या खोलीबाहेरून जाताना मी मान खाली घालून मोबाइल बघत जायची.

थर्माकोल कुठंय?

तरीही मी एन टूच्या वीकेण्ड बॅचला नाव घातलं. हट्ट म्हणा किंवा भरलेली फी! बॅचमध्ये आम्ही अकरा जण. चाकणच्या कारखान्यातला एक मेकॅनिकल इंजिनिअर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ॲनिमे बघून बघून जपानीच्या प्रेमात पडलेली एक कॉलेजकन्या, आणि बाकी आम्ही आयटीवाले. दुखणं सगळ्यांचं एकच. पुस्तकातलं सगळं येतंय आणि जपानी माणूस समोर आला की काही येत नाही.

तिसऱ्या शनिवारी सेन्सेईंनी पुस्तक मिटलं. (सेन्सेई म्हणजे आमच्या बाई. अस्सल पुणेकर, पण वर्गात सेन्सेई.) म्हणाल्या, 'पुढचे आठ आठवडे आपण प्रोजेक्ट करणार आहोत.'

प्रोजेक्ट! दिवसभर ज्या शब्दाने डोकं उठतं, तो शनिवारीही? आणि शाळेतलं प्रोजेक्ट म्हणजे थर्माकोल, चमकीचा कागद आणि आदल्या रात्री जागणारी आई. काका तर हळूच म्हणालेच, 'थर्माकोल कुणी आणायचं?'

सेन्सेई हसल्या आणि त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. 'पुण्यात नुकत्याच राहायला आलेल्या जपानी कुटुंबाला पहिल्या 30 दिवसांत काय काय कळायला हवं?' त्याचं उत्तर म्हणून जपानीत एक छोटी पुस्तिका करायची. आधी खऱ्या जपानी माणसांना भेटून त्यांच्या अडचणी विचारायच्या आणि शेवटी ती पुस्तिका त्यांच्याच हातात द्यायची. मार्क नाहीत. पण वाचणारी माणसं खरी.

ही कल्पना काही सेन्सेईंच्या घरची नाही. 1918 साली अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक नावाच्या प्राध्यापकांनी 'प्रोजेक्ट मेथड' याच नावाने निबंध लिहिला होता. त्यांच्या आधी जॉन ड्यूईंनी करून शिकण्याचा विचार मांडला होताच. काका मूळचे वर्ध्याचे, त्यांनी लगेच कॉलर ताठ केली. '1937 साली गांधीजींनी आमच्याकडेच नई तालीम मांडली होती. सूत कातता कातता गणित शिकायचं. तुमच्या अमेरिकेचं कौतुक आम्हाला सांगू नका!'

मग सरळ पहिल्या वर्षापासूनच असं का नाही शिकवत? हा प्रश्न मी विचारला. सेन्सेईंचं उत्तर मला पटलं. पहिल्या वर्षी हातात सामानच नसतं. दोनशे शब्दांत कुणाची मुलाखत घेणार? पण मधल्या पायरीवर सामान भरपूर साठलेलं असतं आणि सगळं माळ्यावर पडलेलं. नवा धडा शिकला तरी आपण पुढे सरकलो हे कळत नाही. अशा वेळी माळ्यावर आणखी सामान चढवू नये, असलेलं खाली काढून वापरायला लावावं.

आमच्या गटात मी, काका आणि ती कॉलेजकन्या. विषय मिळाला 'घर आणि कचरा'. दुसऱ्या गटाला भाजी आणि खाणं, तिसऱ्याला रिक्षा आणि रस्ते. मला वाटलं, आमच्याच नशिबी कचरा का? आज विचाराल तर सगळ्यात भारी विषय आमचा होता.

ओकुसानांच्या दारात

सेन्सेईंच्या ओळखीने कल्याणीनगरच्या एका सोसायटीतल्या बाईंचा नंबर मिळाला. नवरा एका जपानी कंपनीत, दोन मुलं, पुण्यात येऊन चारच महिने झालेले. आम्ही त्यांना आपापसात ओकुसान म्हणायचो. ओकुसान म्हणजे दुसऱ्याच्या बायकोचा आदराने केलेला उल्लेख, आपण 'वहिनी' म्हणतो ना, साधारण तसा.

त्यांना मेसेज लिहायला आम्हाला तीन दिवस लागले. चार ओळींना तीन दिवस! 'तुमची मुलाखत घ्यायची आहे' असं थेट लिहिणं म्हणजे उद्धटपणा. शेवटी व्याकरणाच्या पुस्तकातला तो भयंकर प्रयोग बाहेर काढला. 'ओहानाशी ओ किकासेते इतादाकेमासेन का?' याचा अर्थ साधारण असा होतो, की आम्हाला तुमचं बोलणं ऐकू देण्याची कृपा आपल्याकडून मिळू शकणार नाही का? त्यात प्रयोजक आहे, शक्यार्थ आहे, नकार आहे आणि वर प्रश्न. एकाच क्रियापदावर चार मजले! परीक्षेसाठी मी हा प्रकार दोन वर्षं घोकला होता आणि एवढं लांबलचक कोण कशाला बोलेल असं मला वाटायचं.

उत्तर दहा मिनिटांत आलं. 'शनिवारी चहाला या.'

सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की व्याकरण हे दार उघडायची किल्ली असते. एरवी मी ते जुडग्यात अडकवून फक्त खुळखुळवत होते.

ओकुसान तासभर बोलल्या. मला निम्मं कळलं. पण उरलेलं निम्मं न कळून चालणार नव्हतं, कारण पुस्तिका तर त्यांच्यासाठीच करायची होती. कॉलवर मी न कळताही 'हाय, हाय' करत मान डोलवायची. इथे तसं केलं तर पुढचं पानच लिहिता येणार नाही. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं, 'माफ करा, हे मला कळलं नाही. पुन्हा सांगाल का?' जग काही बुडालं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, उलट आणखी रंगवून सांगितलं.

आणि त्यांच्या अडचणी तरी काय! आम्ही मनाशी धरलं होतं, की यांना पाण्याची भीती असेल, ट्रॅफिकचं टेन्शन असेल. ते होतंच. पण पहिला प्रश्न आला तो कामाच्या ताईंचा. 'उद्या येऊ नका' हे त्यांना न दुखावता कसं सांगायचं? दुसरा प्रश्न, बेल वाजवून येणारी माणसं कोण कोण असतात? आणि तिसरा, कचरा.

दुधाच्या पिशवीचं कोडं

जपानमध्ये कचरा वेगळा करायचं बाळकडूच मिळतं. फक्त त्यांची मुख्य वाटणी वेगळी आहे. 'मोएरु गोमि' आणि 'मोएनाइ गोमि', म्हणजे जळणारा आणि न जळणारा. शिवाय बाटल्या, डबे, कागद यांचे वेगळे गट आणि ठरलेले वार. आपल्याकडे मात्र ओला आणि सुका.

आम्ही पहिल्या खर्ड्यात शब्दकोश बघून ओल्या कचऱ्याला 'नुरेता गोमि' लिहिलं. नुरेता म्हणजे भिजलेला. बरोबरच आहे की! खर्डा ओकुसानांना पाठवला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, आवाजात संकोच. त्या दुधाच्या पिशव्या, दह्याचे डबे रोज स्वच्छ धुतात, तशी तिकडे पद्धतच आहे. धुतलं की ते भिजतं. मग आमची पानं वाचून दोन दिवस त्यांनी सगळं धुतलेलं प्लॅस्टिक ओल्याच्या बादलीत टाकलं होतं. आणि उलट, केळ्याची सालं कोरडी होती म्हणून सुक्यात! दारावर कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई काहीतरी हातवारे करून सांगत होत्या, ते काही त्यांना कळत नव्हतं. 'माझं काही चुकतंय का?' असं त्या मलाच विचारत होत्या.

मला दरदरून घाम फुटला. वर्गात चूक झाली की वहीवर लाल रेघ येते. इथे माझ्या एका शब्दाने एका बाईची सकाळ बिघडली होती, आणि हातमोजे घालून तो कचरा पुन्हा निवडणाऱ्या दुसऱ्या बाईचीसुद्धा. हे सगळं मनाला जे लागलं, ते 121 मार्कांनी कधी लागलं नव्हतं.

योग्य शब्द होता 'नामागोमि'. नामा म्हणजे कच्चा, न शिजवलेला, ताजा. स्वयंपाकघरातला, कुजणारा कचरा म्हणजे नामागोमि. आता हा शब्द मी मेल्यावरही विसरणार नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट त्या दिवशी कळली, ती अशी की मराठीतला आपला 'ओला'सुद्धा पाण्याने भिजलेला ओला नव्हेच! मी इतकी वर्षं तो डबा भरत होते आणि स्वतःच्या भाषेतला हा शब्द नीट बघितला नव्हता.

बाकीच्या गटांच्याही अशाच गमती. खाण्याच्या गटाने उपवासाला 'दानजिकी' लिहिलं, म्हणजे अन्न सोडणं. चार ओळी खाली साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि बटाट्याची भाजी! अन्न सोडल्यावर हे सगळं कोण खातं, असं त्यांच्या जपानी वाचकाने विचारलं. उपवास म्हणजे खाणं बंद नव्हे, खाण्याचा मेन्यू बदलणं, हे जपानीत समजावताना त्या गटाच्या नाकी नऊ आले. पण ते समजावलं त्यांनीच, स्वतःच्या वाक्यांत.

सगळं गोडगोड नव्हतं

आता कुणाला वाटेल, प्रोजेक्ट केलं की झाली भाषा फाडफाड सुरू. छे! आधी आमचं काय झालं ते ऐका. गटात बसलो की तिसऱ्या मिनिटाला आम्ही मराठीवर यायचो. काम पटापट व्हायचं, जपानी शून्य. शिवाय ज्याला बरं बोलता येतं तोच बोलणार, आणि आमची कॉलेजकन्या गुपचूप चित्रं काढणार. चित्रं झकास होती, पण ती चित्रकलेच्या क्लासला आली नव्हती ना!

सेन्सेईंनी मग तीन नियम केले. पहिला, होरेन्सोचा. जपानी ऑफिसांत हा शब्द फेमस आहे. होकोकु म्हणजे रिपोर्ट, रेनराकु म्हणजे कळवणं, सोदान म्हणजे सल्ला घेणं. तिन्हींची पहिली अक्षरं जोडली की होतं होरेन्सो, आणि त्याचा दुसरा अर्थ पालकाची भाजी! तर आपसात मराठीत कितीही भांडा, पण शेवटची पंधरा मिनिटं जपानीत होरेन्सो. दुसरा नियम, कोण बोलणार ते चिठ्ठी टाकून ठरणार. तिसरा, आमच्याच खर्ड्यांतल्या चुका फळ्यावर घेऊन दर वेळी वीस मिनिटं व्याकरण. हा तिसरा नियम नसता तर आम्ही चुकीचंच जपानी आत्मविश्वासाने बोलायला शिकलो असतो.

चिठ्ठीत पहिलंच नाव कॉलेजकन्येचं निघालं. ती दोन मिनिटं गप्प उभी राहिली. काका म्हणाले, 'अगं, चूक गं बिनधास्त! मी रिटायर्ड माणूस चुकतोय, तुला काय धाड भरलीय?' आणि ती बोलली. तुटक, अडखळत, पण बोलली.

हिशोबाची दुसरी बाजूही सांगते. त्या आठ आठवड्यांत माझी कान्जी मागे पडली. सराव परीक्षेत वाचनाचे मार्क घसरले. फक्त सर्टिफिकेटच हवं असेल, तर प्रोजेक्ट हा लांबचा रस्ता आहे, हे कबूल करायला हवं.

पु. ल. उद्यानात

शेवटच्या रविवारी आम्ही सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जमलो. ही जागा सेन्सेईंनी मुद्दाम निवडली होती. हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान. ओकायामात 1700 साली पूर्ण झालेली कोराकुएन नावाची प्रसिद्ध बाग आहे, तिच्या धर्तीवर केलेलं. चार जपानी कुटुंबं आली. त्यांच्या हातात आमची 24 पानी, झेरॉक्सवर स्पायरल बांधलेली पुस्तिका. पान सहावर दोन बादल्यांचं चित्र, एकीत केळ्याची सालं, दुसरीत धुतलेली दुधाची पिशवी. आणि कामाच्या ताईंना काय म्हणायचं, ते जपानी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाक्य, 'ताई, उद्या सुट्टी घ्या हं.' त्यातला 'हं' ओकुसानांनी तिथेच चारदा म्हणून बघितला. त्या एका 'हं'मध्ये सगळा गोडवा आहे, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

डिसेंबरात मी एन टू दिली. 180 पैकी 86. पासिंग 90. म्हणजे नापास! आईने या वेळी बिल्डिंगमध्ये काही सांगितलं नाही.

पण त्यानंतर एके दिवशी इंटरप्रिटर आजारी पडली आणि मॅनेजरने नाइलाजाने मला काचेच्या खोलीत बोलावलं. पुन्हा तेच गृहस्थ, पुन्हा तोच 'स्स्स', आणि वाक्य आलं, 'केन्तो शिमासु.' पुस्तकी अर्थ, विचार करू. मी भाषांतर करायच्या आधी थांबले. मग त्यांनाच, त्या चार मजली क्रियापदासकट, विचारलं, 'आपल्याला कुठल्या भागाची काळजी वाटते आहे, ते ऐकू द्याल का?' दोन सेकंद शांतता. मग ते बोलायला लागले. टेस्टिंगच्या तारखांची काळजी होती, बाकी काही नव्हतं. मधलं एक वाक्य मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

आता कॉलवर मी असते. एन टूचा फॉर्मही पुन्हा भरलाय, सर्टिफिकेट काय, येईल!

गेल्या महिन्यात ओकुसानांचा मेसेज आला. त्यांच्या सोसायटीत एक नवं जपानी कुटुंब आलंय, त्यांना पुस्तिकेची प्रत हवी आहे. सोबत पुस्तिकेच्या पानांचे फोटो होते. आमच्या सात चुकांभोवती लाल पेनाने गोल, आणि खाली एक ओळ, 'दुसऱ्या आवृत्तीसाठी.'

काकांना फोन केला तर म्हणाले, 'सातच? मी नऊ मोजल्या होत्या. शनिवारी ये!'